कासमची खांड

कासम,

तुला माती दिली तेव्हा मी श्रीवर्धनला एका बिघडलेल्या रोलरखाली आडवा पडलो होतो. एसटीच्या ड्रायव्हरनं खाली वाकून निरोप दिला, "तुमचा तो रेवदंड्याचा कासम गेला हो. छातीत कळ आली, बसल्या जागी." मी पाना तिथंच टाकला आणि निघालो. गाड्या बदलत, होडीनं खाडी ओलांडत पोचलो, तोवर सगळं आटपलं होतं. तुमच्यात उशीर करत नाहीत हे मला माहीत होतं. तरी वाटभर वाटत होतं, माझ्यासाठी थांबतील.

मशिदीमागे माडांच्या सावलीत तुझी ओली माती पाहिली. तुझा धाकटा भाऊ शेजारी उभा होता. माझं मन राखायला म्हणाला, "दत्ताभाऊ, माणसं किती आली म्हणून सांगू! चौलहून, नागावहून, अलिबागच्या वर्कशॉपमधले सगळे. खांद्याला खांदा बदलायला माणसं थांबली होती."

त्याला वाटलं मला बरं वाटेल. मला त्या एकेकाचा हेवा वाटला. आपला स्टोअरकीपर, ज्याला तू जन्मात कधी सरळ नावानं हाक मारली नाहीस, त्यानं तुला खांदा दिला. चहावाल्यानं दिला. ज्याला तुझं आडनावही ठाऊक नसेल अशा गाडीवानानं दिला. मीच तेवढा नव्हतो.

हा हेवा तुला नवा नाही. मी तुझ्यावर जळतो हे तू चारचौघांत सांगायचास. "दत्ता जळला की इंजिन बरोबर चालतं," म्हणायचास आणि सगळे हसायचे. मीही हसायचो, पण ओठांनी. आता तू नाहीस, तर वाटलं होतं हे जळणं थांबेल. थांबलं नाही. उलट आता तुझ्याशी भांडून ते हलकंही करता येत नाही.

तू वर्कशॉपला आलास तो दिवस आठवतो. मी मुंबईला गिरणीच्या मशीनशॉपमध्ये हात काळे करून आलेला, शिस्तीचा माणूस. माझे पाने मापाप्रमाणे लावलेले, प्रत्येक वायसर पुसून डब्यात. तू आगबोटीच्या इंजिनखोलीत वर्षं काढून आलेला. पहिल्याच दिवशी माझा पाना न विचारता उचललास, काम केलंस आणि भलत्याच खिळ्याला अडकवून ठेवलास. मी बोललो तर म्हणालास, "बोटीत पाना सापडला नाही तर माणूस मरतो. इथं फार तर तू ओरडशील." दुपारी जेवायला बसलो तेव्हा सगळे तुझ्याभोवती. एडनच्या बंदरातला उकाडा, बसऱ्याचा खजूर, समुद्रात बंद पडलेलं इंजिन. मी आधीपासून तिथं होतो, पण माझ्या डब्याशेजारी कोणी बसलं नाही.

काम मला तुझ्याइतकं येत होतं. हे तूही मानायचास. म्हणूनच तर जास्त जळायचो. तू माझ्याहून हुशार असतास तर मी तुला गुरू केलं असतं आणि सुटलो असतो. तू माझ्याइतकाच होतास, आणि तरी लोक तुझे होते.

मग सरकारी खात्यानं तो परदेशी ट्रॅक्टर आणला. पुढं मोठं पातं, मागं खोदायचा लांब हात. लोकांनी त्याला सोंडेचा ट्रॅक्टर असं नाव दिलं. सगळी ताकद तेलाची. पंपानं तेल दाबायचं, ते रबरी नळ्यांतून, होजमधून, व्हॉल्वच्या ठोकळ्यात यायचं, दांडी ओढली की हव्या त्या नळकांड्यात शिरायचं आणि सोंड उठायची. साहेबांनी आपल्या दोघांच्या ताब्यात तो दिला. चालवणारा तू, दुरुस्ती दोघांनी मिळून. दोघांनी मिळून म्हणजे काय, हे साहेबांना कुठं माहीत होतं. तू म्हणशील डावीकडे, मी म्हणणार उजवीकडे.

आणि मग ती खांड.

तुला त्या दिवसाची गोष्ट सांगायची गरज नाही. पण तू ती इतक्यांदा, इतक्या तऱ्हांनी सांगितलीस की एकदा माझ्या तोंडून होऊ दे.

आश्विनातली अवस दुसऱ्या दिवसावर आलेली. खाडीकाठचा बांध मधोमध फुटला होता आणि भरतीचं पाणी त्या खांडीतून आत वाकून बघत होतं. बांधाच्या आत भात उभं, लोंब्या भरलेल्या. अवसेच्या उधाणाला पाणी शिरलं असतं तर पीक गेलंच असतं, वर जमीन खारी होऊन पुढची काही वर्षं गवताशिवाय काही उगवलं नसतं. सारा गाव फावडी, घमेली घेऊन बांधावर आला होता. माडाचे ओंडके टाकून त्यावर आपण ट्रॅक्टर उभा केला होता. सकाळभर तू चिकण माती उपसून ढीग लावलास. दुपारची भरती येऊन गेली, ओहोटी लागली, की तो ढीग खांडीत लोटायचा, एवढाच बेत.

ऊन चढलं आणि सोंड मंदावली. सकाळी जो हात झपकन उठत होता, तो आता म्हाताऱ्यासारखा कण्हत उठायला लागला. भरलेली बादली अर्ध्यावर थरथरायची. पंप कुत्र्यासारखा केकाटत होता. तू दांड्या सोडल्यास आणि माझ्याकडे पाहिलंस.

गावचे गोमाकाका पुढं आले. त्यांचं शेत अगदी खांडीला लागून.

"काय झालं रं?"

"बघतो काका."

"बघा. पन उद्या आवसंचं उधान हाय. जमनार न्हाय तर आताच सांगा. आमी फावड्यानं ओढतो. मेलो तरी ओढतो."

फावड्यानं ते होणार नव्हतं. त्यांनाही ते कळत होतं.

मी तुला पुढचं पातं उचलायला सांगितलं. तेही तसंच मंद. म्हणजे सोंडेच्या नळकांड्यांत दोष नाही. दोन्हींना तेल जिथून येतं तिथंच काहीतरी बिघडलंय. इथवर आपण दोघं एकमतानं आलो, आणि हे आपलं शेवटचं एकमत.

मी टाकीचं झाकण उघडलं. तेलावर ताकासारखा फेस. मी म्हणालो, "पंप हवा ओढतोय. टाकीतून पंपाला जाणारा होज बघ."

तू व्हॉल्वच्या ठोकळ्यावर हात ठेवलास आणि झटकन काढलास. "इथं हात लाव. भाकरी भाजेल. प्रेशरचा व्हॉल्व उघडा राहिलाय. तेल काम न करताच परत टाकीत पडतंय. म्हणून तापतंय, म्हणून फेस."

"फेस आधी, ताप नंतर."

"ताप आधी, दत्ता."

"पंप ओरडतोय ते ऐकू येत नाही?"

"मी आगबोटीत होतो, मला ओरडण्यातलं कळतं."

"आगबोट आगबोट काय सांगतोस? हा ट्रॅक्टर आहे."

गाव ऐकत होता. खांडीतून भरतीचं पाणी आत यायला लागलं होतं, लोंब्यांच्या पहिल्या ओळी भिजत होत्या, आणि आपण दोघं कोंबड्यांसारखे एकमेकांसमोर मान ताठ करून उभे. शेवटी गोमाकाका ओरडले, "आरं, तू तुजं कर, त्यो त्याचं करंल! भांडाला उद्या हाय ना!"

तसंच केलं. मी ट्रॅक्टरच्या पोटाखाली चिखलात शिरलो. होज सोडवला. बाहेरून चांगला दिसत होता, पण टोकाशी दाबला तर बारीक चिरा उघडल्या. आतलं अस्तर सोललेलं. कुजलेलं टोक करवतीनं कापलं. होज जरा आखूड झाला, तर पंपाच्या बाजूनं ताणून बसवला, पट्टी आवळली, वरून तारेचे वेढे दिले. वर तू प्रेशरच्या व्हॉल्वचा बोल्ट उघडण्याआधी पान्याच्या टोकानं खूण केलीस, म्हणजे परत तिथवरच आवळता येईल. तेवढी शिस्त तुला माझ्याकडूनच आली होती, हे मी तेव्हाही मनात म्हटलं. स्प्रिंग काढलीस, आतली गोळी काढलीस, आणि तुझा आवाज आला.

"दत्ता! सापडलं! गोळीखाली कचरा अडकलाय. बघ, व्हॉल्वच होता!"

मी खालून बाहेर आलो. तुझ्या तळहातावर रबराची सालपटासारखी चिंधी होती.

"हे रबर कुठलं?" मी विचारलं.

तू ती चिंधी बोटानं उलटीपालटी केलीस.

"माझ्या होजचं आहे ते. आतलं अस्तर सुटलं, पंपातून गेलं आणि तुझ्या व्हॉल्वमध्ये अडकलं. मूळ दोष होजचा."

"होज असेल. पण मशीन अडलं होतं व्हॉल्वपाशी."

त्या दिवसापासून अगदी परवा-परवापर्यंत आपण हे भांडलो. दोन्ही दुरुस्त्या एकाच वेळी झाल्या, म्हणून कशानं मशीन सुरू झालं हे कधी कळायचंच नाही. तू बरोबर असशील. मीही असेन. पण तू असताना भांडण चालू होतं, म्हणजे मी हरलो नव्हतो. आता तू उठून गेलास आणि मी एकटाच बोलत बसलोय.

तेल भरलं, मशीन चालू केलं. पंपाचा केकाटणारा आवाज गेला. सोंड उठली. बांधावरून एकच आवाज उठला, बायकांचा, माणसांचा. ओहोटी लागली तशी तू ढिगातली माती खांडीत टाकायला लागलास. मी खाली गुडघाभर चिखलात, एक हात त्या ताणलेल्या होजवर ठेवून, पट्टी घसरते का बघत. वर दांड्यांवर तुझे हात, डोक्याला रुमाल, तोंडात गाणं. तुला माहीत होतं गाव बघतोय. तू बादली वळवताना उगीचच ऐटीत वळवायचास.

सूर्य खाडीवर टेकला तेव्हा खांड बुजली. लोकांनी तुला उचललं. खरंच उचललं, देवाला उचलतात तसं. मी तिथंच उभा, डोक्यापासून पायापर्यंत तेल आणि चिखल. एका पोरसवदा गड्यानं पाण्याची कळशी आणली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "कासमभायच्या हातावर पानी घाला."

मी घातलं. तुझ्या हातावर पाणी घातलं, कासम, आणि तू हात चोळत मला म्हणालास, "थोडं हळू ओत रे." ते मला अजून खुपतं. चेष्टेत म्हणालास, माहीत आहे. तरी खुपतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अवसेचं उधाण आलं. बांधाच्या तोंडापर्यंत पाणी चढलं, टेकलं आणि फिरलं. भात वाचलं. तेव्हापासून त्या जागेला कासमची खांड म्हणतात. खांड राहिलीच नाही, तरी नाव तेच. एसटीतसुद्धा लोक म्हणतात, "कासमच्या खांडीला उतरायचंय." माझ्या नावानं कुठं उतरायची जागा नाही.

गोमाकाकांनी तुला जिताडा मासा दिला होता. हाताएवढा लांब, खाजणाच्या खाऱ्या पाण्यातला, चांदीसारखा. तू तो घेऊन थेट माझ्या घरी आलास. मी ओटीवर होतो. म्हणालो, "तुला दिलाय ना, तुझ्या घरी ने."

"मला एकट्याला खायला दिलाय होय? वहिनी, चूल पेटवा!"

सुमननं तुझ्यासमोर हसत हसत मासा कापायला घेतला. माझ्यासमोर ती अशी हसत नसे, किंवा मला तसं वाटायचं. तू पाटावर बसून तिला सांगत होतास, दत्ता कसा चिखलात म्हशीसारखा लोळत होता. ती पोट धरून हसत होती. मी ठरवलं होतं, नुसता भात खाईन. ताट आलं. रश्श्यातलं डोकं तू माझ्या ताटात टाकलंस. जिताड्याचं डोकं घरातला कर्ता खातो. "खा," म्हणालास, "होज तुझा होता."

म्हणजे त्या एका क्षणी तू मान्य केलं होतंस. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये विचारलं तर साफ नाकारलंस. "ते माशाच्या चवीत बोललो."

मी ते डोकं खाल्लं. बोटं चाटून खाल्लं. त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही, ते आज म्हणतो. इतकं गोड मी त्यानंतर खाल्लेलं नाही.

तू गेलास त्या रात्री सुमन म्हणाली, "तुम्ही कासमभावजींवर जळत होतात ते एक सोडलं तर तुम्हाला दुसरा मित्र होता तरी का?" ती तुझ्यासाठी रडत होती आणि मला, बघ, त्याचाही हेवा वाटला. मी गेलो तर ती अशी रडेल का, हे मनात आलंच.

आणि तो आखातातला माणूस. दोन पावसाळ्यांमागे आला होता, तिकडच्या कुठल्या कंपनीसाठी मशिनवाले हवे होते. वर्कशॉपभर फिरला आणि तुझ्यापाशी थांबला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तू चार दिवस विचारात होतास. मी रोज सकाळी येऊन तुझी टोपी खिळ्याला आहे का बघायचो. "जाऊ नकोस" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. उलट मी म्हणालो, "जा की. तिकडे तुझ्या आगबोटीच्या गोष्टी ऐकायला अरब बसलेत." तू हसलास. पुढच्या आठवड्यात कळलं, तू नाही म्हणालास. का, ते मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. विचारायला हवं होतं असं आता फार वाटतं, आणि विचारलं असतं तर तू काहीतरी फाजील उत्तर दिलं असतंस, हेही कळतं.

काल तुझ्या घरी पुन्हा जाऊन आलो. हलीमाभाबी इद्दतीत बसल्यात, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस बाहेर येत नाहीत. तुझी आई ओट्यावर बसली होती. मी खाली चटईवर टेकलो. माझ्यासमोर आईनं चहा ठेवला. दरवाजाआडून भाबींचा आवाज आला.

"दत्ताभाऊ, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोला भाबी."

"मी तुमच्यावर जळत होते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुझ्या आईनं मान खाली घातली.

"दिवसभर ते तुमच्यापाशी. संध्याकाळी घरी यायचे ते दमून, जेवायचे, निजायचे. मी विचारायचे, आज काय झालं? म्हणायचे, काही नाही. एडन कसं आहे, बसऱ्याला काय काय बघितलं, कधी विचारलं तर म्हणायचे, समुद्रच समुद्र, दुसरं काय. आणि लोक मला येऊन सांगायचे, तुमचा नवरा काय गोष्टी सांगतो हो! मला ती गोष्ट लोकांकडून कळायची. तीही अर्धी. ते हसून बोलतात हे मी लोकांच्या तोंडून ऐकलंय. वाटायचं, तो दत्ता कोण लागून गेला की माझ्या वाट्याचं सगळं त्याला?"

सगळं गाव, स्टोअरकीपर, सुमन, गोमाकाका, त्यांच्यावर मी जळत राहिलो. आणि इथं, दाराच्या फळीमागं, कोणीतरी माझ्यावर जळत होतं. माझ्यापाशी काय होतं हे मला कधी कळलंच नव्हतं.

"आखाताला का नाही गेले, ते तुम्हाला सांगितलं?" मी विचारलं.

"नाही. मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल."

वाडीतून रहाटाचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "सांगाल का मला? ते तिथं काय काय बोलायचे ते. मला घाई नाही. अजून कितीतरी दिवस मी इथंच बसलेय."

मी सांगायला लागलो. मला तुझ्यासारखं सांगता येत नाही, तू असतास तर कपाळावर हात मारला असतास. पण एकेक आठवत गेलो. समुद्रात इंजिन बंद पडलं आणि तू लुंगीची चिंधी भरून वाफ अडवलीस ती गोष्ट. एडनला बकरा विकत घेतलास आणि तो बोटीत सगळ्यांचा लाडका झाला म्हणून कोणी कापेना, ती. ती ऐकून दरवाजाआड हुंदका आला की हसू, कळलं नाही. तुझी आई मात्र हसली. "हां, तसाच होता तो," म्हणाली. "बकरी घरी पण आणायचा, मग कापू द्यायचा नाही."

चहा निवला. दुसरा आला. वाडीतली सावली ओट्यावर चढली तरी मी बोलत होतो. इतकं सलग मी आयुष्यात बोललेलो नाही, कासम. परवा परत जाणार आहे, आणि त्यानंतरही. भाबींना हवं तोवर. जे त्यांचं होतं आणि माझ्याकडे पडून राहिलं, ते त्यांना पोचतं करीन.

फक्त एक सोडून. एका पावसाळी दुपारी, शेडमध्ये आपण दोघंच होतो, तेव्हा तू मला जे सांगितलंस, ते मी काल जिभेवर आलेलं गिळलं. तेवढं भाबींना देणार नाही. सुमनला नाही, इथं कागदावरही नाही. तुला खांदा लोकांनी दिला, तुझं नाव बांधाला गावानं दिलं. तेवढं एक तू मला दिलं होतंस, ते माझं आहे.